नवस, सोवळे, कौल इंग्रजीत कसे सांगाल? ऑनलाइन मोल्सवर्थ कोशाचे परीक्षण

पंढरपूर-जेजुरीला परदेशी पाहुण्यांसोबत फिरणारे गाइड, मराठी कथा इंग्रजीत नेणारे अनुवादक, लोकदैवतांवर प्रबंध लिहिणारे विद्यार्थी आणि न्यू जर्सीत वाढणाऱ्या नातवंडांना बोडण म्हणजे काय ते समजावू पाहणारे आजी-आजोबा, या सगळ्यांचे गाडे एकाच जागी अडते. प्रवासाचे, बाजारहाटाचे, नोकरीचे इंग्रजी येत असते; देवाधर्माचे येत नाही. शाळेतल्या इंग्रजीत ‘गॉड’, ‘टेंपल’, ‘प्रेअर’ यांच्यापुढे फारसे काही नसते. इंग्लंड-अमेरिकेत तयार झालेल्या शब्दसंग्रहांत धर्माचा धडा असला, तरी तो बहुतेक चर्चपासून सुरू होऊन चर्चपाशीच संपतो. नवस, सोवळे, ओटी, कौल, अंगात येणे यांना त्यात जागा नसते.

या अडचणीवर आजही सर्वांत कामाला येणारे साधन दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचे आहे आणि ते फुकट मिळते. जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांनी जॉर्ज आणि थॉमस कँडी यांच्या साथीने आणि मराठी शास्त्री-पंडितांच्या मदतीने तयार केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये मुंबईत निघाला. १८५७ ची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती सुमारे साठ हजार शब्दांची आहे. शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल साउथ एशिया लायब्ररी’ने ही दुसरी आवृत्ती शोधता येईल अशा रूपात संकेतस्थळावर ठेवली आहे. नोंदणी लागत नाही, पैसे लागत नाहीत. त्याच ठिकाणी दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, वझ्यांचा १९११ चा आर्यभूषण शालेय कोश, मॅक्सिन बर्नसन यांचा मूलभूत मराठी-इंग्रजी कोश आणि शं. गो. तुळपुळे व अॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश हेही आहेत. एका जागी इतके मराठी कोश, तेही शोधाच्या सोयीसह, ही मोठी गोष्ट आहे आणि ज्यांनी हे काम केले त्यांचे ऋण मानायला हवे.

आधी निकाल सांगतो, म्हणजे कामाची माणसे लवकर कामाला लागतील. मराठी शब्दाचे किती पदर आहेत हे उलगडून दाखवण्यात मोल्सवर्थला तोड नाही. मात्र त्यातला इंग्रजी शब्द जसाच्या तसा उचलून आज बोलू किंवा लिहू नये. हे इंग्रजी १८५७ चे आहे आणि लिहिणारे अतिशय धर्मनिष्ठ ख्रिस्ती गृहस्थ होते. शब्द मोल्सवर्थमध्ये शोधा आणि वापरण्याआधी आजच्या एखाद्या चांगल्या विद्यार्थी-कोशात, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी कोशात, तपासा. दोन पायऱ्या पाळल्या तर पाचपैकी साडेचार गुण द्यावेत असे हे साधन आहे. दुसरी पायरी गाळली तर तीनच.

शब्द सापडत नाही, कारण लेखन बदलले आहे

नव्या माणसाची पहिली तक्रार ठरलेली असते: ‘सोवळे’ टाकले, काही आले नाही. दोष कोशाचा नाही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे, कोश त्याच्या शंभर वर्षे आधीचा. म्हणून शोधताना जुने लेखन वापरावे लागते. ‘सोवळे’ नाही, ‘सोंवळें’. ‘ओवळे’ नाही, ‘ओंवळें’. क्रियापदे ‘-णे’वर नव्हे, ‘-णें’वर संपतात: ‘पावणें’, ‘मानणें’. संस्कृतातून आलेले शब्द ऱ्हस्व इकारान्त असतात: ‘भक्ती’ऐवजी ‘भक्ति’, ‘मूर्ती’ऐवजी ‘मूर्ति’, ‘मुक्ती’ऐवजी ‘मुक्ति’. अनुस्वाराची खात्री नसेल तर शब्दाची पहिली एक-दोन अक्षरेच टाकावीत आणि आलेल्या यादीतून डोळ्यांनी निवडावे. वाक्प्रचार सबंध टाकू नये. ‘अंगात येणे’ हवे असेल तर ‘अंग’ उघडावे, ‘देव पावणे’ हवे असेल तर ‘देव’ आणि ‘पावणें’ दोन्ही उघडावेत. मोल्सवर्थची खरी श्रीमंती मुख्य शब्दाखाली दिलेल्या या वाक्प्रचारांत आणि म्हणींतच आहे. तिथवर न वाचणारा निम्म्या जेवणावरून उठतो.

दुसरी युक्ती फार कमी लोक वापरतात. शोध मथळ्याच्या शब्दापुरता न ठेवता सबंध मजकुरात घ्यावा आणि इंग्रजी शब्द टाकावा. ‘व्हाउ’, ‘ओमन’, ‘एक्स्पिएशन’ असे शब्द त्यांच्या इंग्रजी लेखनात टाकले की ज्या ज्या मराठी शब्दाच्या स्पष्टीकरणात ते आले आहेत, ते सगळे समोर येतात. विसरलेले मराठी शब्द सापडतात ते वेगळेच. त्यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते: एका इंग्रजी शब्दावर मराठीतल्या किती वेगवेगळ्या गोष्टींचे ओझे टाकलेले आहे.

नवस: एक शब्द पूर्ण उलगडून

‘नवस’ला कोशात ‘व्हाउ’ मिळतो आणि तो बरोबरच आहे. नवस बोलणे म्हणजे ‘मेक अ व्हाउ’, फेडणे म्हणजे ‘फुलफिल अ व्हाउ’. पण हे ऐकणाऱ्या इंग्रजी माणसाच्या मनात काय उमटते? त्याच्या लेखी ‘व्हाउ’ म्हणजे मुख्यतः वागणुकीबद्दल दिलेला शब्द: लग्नात वधूवरांनी दिलेला, किंवा मठात जाणाऱ्या जोगिणीने दिलेला. देवाला घातलेली अट, ‘मूल होऊ दे, पाळणा वाहीन’, ही त्या शब्दात आपोआप येत नाही. ती वाक्यात सांगावी लागते. ‘शी हॅज कम टु फुलफिल अ व्हाउ’ एवढ्यावर थांबू नये. मूल बरे झाले तर अमुक वाहीन असे देवीला कबूल केले होते आणि आज ती ते वाहायला आली आहे, इतके दुसऱ्या वाक्यात सांगितले तरच नवस पोचतो. वाहिलेल्या वस्तूला, मग तो पाळणा असो, चांदीचा डोळा असो की घंटा, इंग्रजीत नेमका शब्द आहे: ‘व्होटिव्ह ऑफरिंग’. पुराणवस्तू संग्रहालयांच्या पाट्यांवर तो नेहमी दिसतो. नवसाचा मुलगा म्हणजे नवसाचे फळ म्हणून झालेला मुलगा, ‘अ चाइल्ड बॉर्न इन आन्सर टु अ व्हाउ’. ‘नवसाला पावणारा गणपती’ मात्र ‘व्हाउ’ने सांगायच्या भानगडीत पडू नये. मागितलेले देणारा, असे साधेच सांगावे.

आता याच ‘व्हाउ’वर आणखी काय काय लादलेले आहे ते पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञा इंग्रजीत ‘ट्वेंटी-टू व्हाउज’ म्हणूनच ओळखल्या जातात. तिथे तो शब्द चपखल आहे, कारण ती वागणुकीची बांधिलकीच आहे. व्रतालाही पुष्कळ जण ‘व्हाउ’च म्हणतात, ते मात्र पुरेसे नाही. व्रतात नेम, उपवास, पूजा, कथा हे सगळे आले. त्याला ‘ऑब्झर्व्हन्स’ अधिक जवळचा. नवस, व्रत आणि प्रतिज्ञा हे तिन्ही शब्द एकाच लेखात येत असतील तर तिन्हींना ‘व्हाउ’ घालून लेख इंग्रजी वाचकाला कळण्याची आशा ठेवू नये.

प्रसाद आणि नैवेद्य यांचाही असाच घोळ होतो. दोन्हींना ‘ऑफरिंग’ म्हटले जाते. देवापुढे ठेवतो तोवर तो नैवेद्य, म्हणजे ‘ऑफरिंग’. देवाने घेतल्यावर परत येतो आणि वाटला जातो तो प्रसाद, तो आता ‘ऑफरिंग’ राहिलेला नाही. ‘फूड ऑफर्ड टु द गॉड अँड देन शेअर्ड’ असे एकदा सांगावे आणि पुढे ‘प्रसाद’च म्हणावे. मोल्सवर्थ इथे चांगली दिशा देतो, कारण तो आधी कृपा, प्रसन्नता हा मूळ अर्थ देतो आणि मग देवाकडून, गुरूकडून मिळालेली वस्तू हा पुढचा. कृपेचा तो धागा धरला की कोकण-गोव्यातला प्रसादही समजतो. तिथे देवाच्या मूर्तीला पाकळ्या किंवा पाने चिकटवून, ती कुठली आधी पडते यावरून देवाचा निर्णय घेतात. त्याला ‘प्रसाद’ म्हणतात आणि ‘कौल’ही. याला इंग्रजीत ‘ऑरेकल’ म्हणता येते, पण ‘ऑरेकल’ म्हटले की भविष्य सांगणारी ग्रीक पुजारीण डोळ्यांपुढे येते. ‘टु सीक द डेइटीज व्हर्डिक्ट’ हे कौलाच्या जास्त जवळ जाते, कारण कौल हा भविष्यापेक्षा निवाड्याच्या वळणाचा असतो: लग्न ठरवावे का, विहीर इथे खणावी का, वादात कुणाची बाजू खरी.

जिथे कोशाचे इंग्रजी घात करते

‘मूर्ति’ उघडले की ‘इमेज’ आणि ‘आयडल’ हे शब्द मिळतात. कोशात इतरत्रही देवाच्या मूर्तीसाठी ‘आयडल’ वारंवार येतो. भारतातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘गणेश आयडल’ हे इतके रुळले आहे की त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही, आणि भारतीय वाचकांसाठी लिहिताना ते चालेल. पण बायबलच्या परंपरेत वाढलेल्या माणसाला ‘आयडल’ म्हणजे खोटा देव, पुजू नये असे काहीतरी. ‘वी वर्शिप आयडल्स’ हे वाक्य आपण भक्तीने म्हणतो आणि समोरचा ते कबुलीजबाबासारखे ऐकतो. परदेशी पाहुण्यांशी बोलताना ‘इमेज’ म्हणावे, किंवा ‘मूर्ती’च म्हणून एका वाक्यात तिचा अर्थ सांगावा. मूर्तीत देवाला बोलावून बसवतात, हे सांगायला ‘प्राणप्रतिष्ठा’साठी ‘कॉन्सेक्रेशन’ शब्द आहे. तो कारागिराने घडवलेली वस्तू आणि पुजली जाणारी मूर्ती यांतला फरक नेमका दाखवतो.

याची उलटी चूकही होते. गोव्यातल्या चर्चबद्दल बोलताना सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, पुतळ्याला कधीही ‘आयडल’ म्हणू नये, तो ‘स्टॅच्यू’. कॅथलिक शिकवणीत ‘वर्शिप’ फक्त देवाची. संतांचे करतात ते ‘व्हेनरेशन’. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचे शव दहा वर्षांतून एकदा दर्शनाला ठेवतात, त्याला ‘एक्स्पोझिशन’ म्हणतात, आणि शवाला व अवशेषांना ‘रेलिक्स’. ‘पीपल वर्शिप द बॉडी’ हे वाक्य गोव्यातल्या भाविकाला दुखावणारे आहे. ‘रेलिक्स’ हा शब्द बौद्ध स्तूपातल्या धातूंनाही, म्हणजे अस्थी-अवशेषांनाही, तसाच लागू पडतो, म्हणून अजिंठा-कार्ल्याच्या गाइडांनी तो पाठच करावा.

‘सेंट’ हा शब्द मात्र आपल्या संतांना वापरायला हरकत नाही. ‘पोएट-सेंट’ ही जोडी ज्ञानेश्वर-तुकारामांसाठी अभ्यासकांत रूढ आहे. एवढे लक्षात ठेवावे की कॅथलिक ‘सेंट’ला चर्चने तसे जाहीर करावे लागते. आपल्याकडे लोक म्हणतात म्हणून संत.

‘मोक्ष’ला ‘सॅल्व्हेशन’ लावण्याची सवय जुन्या भाषांतरांतून आलेली आहे. ‘सॅल्व्हेशन’ म्हणजे पापातून कुणीतरी वाचवणे, आणि मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणे. ‘लिबरेशन’ हाच योग्य. ‘प्रायश्चित्ता’ला ‘अटोन्मेंट’ किंवा ‘एक्स्पिएशन’ चालतो. ‘पेनन्स’ही चालतो, पण भारतीय इंग्रजीत तपश्चर्येलाही ‘पेनन्स’ म्हणतात आणि तिथे गोंधळ होतो. विश्वामित्राने केली ती शिक्षा नव्हती. तपाला ‘ऑस्टेरिटीज’ म्हणावे. या जोड्या उलट बाजूने तपासायला थॉमस कँडी यांनी पूर्ण केलेला १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश हाताशी असावा. तो छापील प्रतींच्या छायाप्रतीत मिळतो आणि एका इंग्रजी शब्दाला मराठीत किती तोंडे आहेत ते तिथे चटकन दिसते.

‘धर्म’ हा तर कोशात पूर्ण वाचायचाच शब्द. ‘रिलिजन’ हा त्याचा एकच कोपरा आहे. कर्तव्य आहे, स्वभाव आहे, दान आहे. दारात आलेला याचक ‘धर्म करा’ म्हणतो तेव्हा तो ‘आम्स’ मागतो. ‘धर्मशाळा’ आणि ‘धर्मादाय’ यांतला धर्मही तोच. इंग्रजी वाक्यात ‘रिलिजन’ घालण्याआधी इथला कोणता धर्म आहे हे विचारावे.

सोवळ्याचे काम जास्त नाजूक. सोवळे म्हणजे ‘क्लीन’ नाही आणि ‘होली’ही नाही, त्याला ‘रिच्युअली प्युअर’ म्हणतात. शब्दाचे दोन अर्थ आहेत: ती अवस्था आणि त्या अवस्थेत नेसायचे वस्त्र. इंग्रजीत ते वेगवेगळे सांगावे लागतात. ओवळे, विटाळ यांसाठी समाजशास्त्रात ‘पोल्यूशन’ रूढ आहे, पण सामान्य माणसाशी बोलताना त्याला धुराची आठवण होईल, म्हणून ‘इम्प्युरिटी’ बरे. सुतकाला ‘मोर्निंग’ म्हणणे ही नेहमीची चूक. ‘मोर्निंग’ म्हणजे दुःख पाळणे. सुतक दुःख नसतानाही असते, लांबच्या भाऊबंदांतही येते, आणि दिवस मोजून संपते. ते ‘डेथ इम्प्युरिटी’, आणि सोयर ते ‘बर्थ इम्प्युरिटी’. हे शब्द उच्चारताना त्यांच्यामागे माणसांना दूर ठेवण्याचा किती मोठा इतिहास आहे, तेही पाहुण्याला सांगण्याइतका प्रामाणिकपणा असावा. ‘प्युरिटी’ हा शब्द इंग्रजीत फार गोड वाटतो.

आणि जे १८५७ मध्ये नव्हतेच ते या कोशात कसे असणार? ‘अॅग्नॉस्टिक’ हा शब्द टी. एच. हक्सले यांनी १८६९ मध्ये घडवला. आपला ‘अज्ञेयवादी’ त्याच्या नंतरचा. ‘नास्तिक’ला आज ‘एथिइस्ट’ म्हणतो, पण शास्त्रग्रंथांतला नास्तिक म्हणजे वेदांचे प्रामाण्य न मानणारा. जैन आणि बौद्ध त्या अर्थाने नास्तिक ठरतात. जुना मजकूर अनुवादताना ‘एथिइस्ट’ टाकला की वाक्य चुकलेच.

‘अंधश्रद्धा’चा आजचा अर्थ विसाव्या शतकातल्या सुधारणेच्या चळवळींनी रुजवला. इंग्रजीत त्याचे दोन तुकडे होतात. मांजर आडवे गेले म्हणून थांबणे ही ‘सुपरस्टिशन’. बाबा सांगेल ते डोळे मिटून करणे हा ‘ब्लाइंड फेथ’. मराठीत दोन्हींना एकच शब्द. २०१३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याचे नाव या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. ज्याला आपण अंधश्रद्धाविरोधी कायदा म्हणतो, त्याच्या अधिकृत नावात ना मराठीत ‘अंधश्रद्धा’ आहे ना इंग्रजीत ‘सुपरस्टिशन’. कायद्याला मनातली समजूत पकडायची नाही, कृत्य पकडायचे आहे. म्हणून नरबळीला ‘ह्यूमन सॅक्रिफाइस’, अमानुषला ‘इनह्यूमन’, अनिष्टला ‘ईव्हिल’, जादूटोण्याला ‘ब्लॅक मॅजिक’ असे शब्द बसवले, आणि ‘अघोरी’पाशी आल्यावर इंग्रजी नावातही ‘अघोरी’च ठेवला. जिथे शब्द नाही तिथे मराठी शब्द ठेवावा, याला याहून भक्कम दाखला कुठला हवा?

शब्द मिळाला, वाक्य कोण देणार?

मोल्सवर्थमध्ये जे अजिबात नाही ते म्हणजे इंग्रजी शब्द वाक्यात कसा बसतो याची माहिती. मराठी माणसासाठी लिहिलेला हा कोशच नव्हे; मराठी शिकणाऱ्या इंग्रजासाठी आहे. त्यामुळे शब्द मिळूनही वाक्य चुकते, आणि यासाठीच दुसरी पायरी, म्हणजे विद्यार्थी-कोश.

‘बिलीफ’ आणि ‘फेथ’ यांतला फरक मराठी माणसाला एका जागी तयार मिळतो. संविधानाच्या उद्देशिकेत इंग्रजी ‘बिलीफ, फेथ अँड वर्शिप’ला मराठी पाठ आहे ‘विश्वास, श्रद्धा व उपासना’. बालभारतीच्या पुस्तकांत ती सुरुवातीलाच छापलेली असते. एखादी गोष्ट खरी मानणे म्हणजे ‘बिलीफ’. तो अनेकवचनी होतो: ‘लोकल बिलीफ्स’ म्हणजे गावातल्या समजुती. ‘फेथ’मध्ये भरवसा आणि समर्पण येते, ‘अ फेथ’ म्हटले की मात्र धर्म, जसे ‘पीपल ऑफ ऑल फेथ्स’. समजुतींना ‘फेथ्स’ म्हटले की वाक्याचा अर्थच पालटतो.

क्रियापदाकडे आणखी लक्ष हवे. ‘आय बिलीव्ह यू’ म्हणजे तू म्हणतोस ते खरे मानतो. ‘आय बिलीव्ह इन यू’ म्हणजे तुझ्यावर भरवसा आहे. ‘मी देव मानतो’ याचे इंग्रजी ‘आय बिलीव्ह इन गॉड’. मधला ‘इन’ गळला की देवाने काहीतरी सांगितले आणि ते मला पटले, असा अर्थ होतो. प्रार्थनेलाही तेच: ‘प्रे टु’ देवाला, ‘प्रे फॉर’ गोष्टीसाठी किंवा माणसासाठी. नुसता वाकून नमस्कार केला तर तो ‘प्रे’ नव्हे, ‘बाउ’.

‘गॉड’ला मोठे अक्षर आणि आधी काही नाही, तेव्हा एकच परमेश्वर. ‘अ गॉड’ म्हणजे अनेकांतला एक. खंडोबाबद्दल ‘द गॉड खंडोबा’ किंवा आदराने ‘लॉर्ड खंडोबा’, तुळजाभवानीबद्दल ‘द गॉडेस तुळजाभवानी’. देव की देवी हे ठरलेले नसेल किंवा ग्रामदैवताबद्दल सर्वसाधारण बोलायचे असेल तर ‘डेइटी’ सर्वांत सोयीचा.

‘होली’ आणि ‘सेक्रेड’ यांत ‘होली’ जास्त देवाकडे झुकतो, ‘सेक्रेड’ अधिक व्यापक. देवराई ‘सेक्रेड ग्रोव्ह’, जानवे ‘सेक्रेड थ्रेड’, तुळस मात्र ‘होली बेसिल’. हे जोडशब्द ठरून गेलेले आहेत, आपण अदलाबदल करू नये.

उपवासाचे वाक्य रोज लागते आणि रोज चुकते. ‘आय हॅव फास्ट’ नाही. ‘आयम फास्टिंग टुडे’. ठेवणे म्हणजे ‘कीप’ किंवा ‘ऑब्झर्व्ह अ फास्ट’, सोडणे म्हणजे ‘ब्रेक’. पण ‘फास्टिंग’ म्हणून पुढ्यात साबुदाण्याची खिचडी घेतली की पाहुणा बुचकळ्यात पडतो. म्हणून लगेच सांगावे की आज धान्य आणि डाळी वर्ज्य आहेत, बटाटा, शेंगदाणे, साबुदाणा चालतो. ख्रिस्ती लेंटमध्येही, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, काही पदार्थ वर्ज्य करतात, त्यामुळे ही कल्पना त्यांना नवी नसते.

इंग्रजीने आधीच घेतलेले आपले शब्द सर्वांत फसवे. ‘कर्म’, ‘गुरू’, ‘मंत्र’, ‘अवतार’ हे आता इंग्रजीच आहेत, पण अर्थ बदलून. इंग्रजी ‘कर्मा’ म्हणजे केल्याची फेड, तीही बहुधा याच जन्मात. ‘गुरू’ कुठल्याही विषयाचा जाणकार. ‘अवतार’ संगणकाच्या पडद्यावरचे चित्र. धार्मिक अर्थाने वापरताना एकदा व्याख्या द्यावीच.

उरलेल्या कोशांबद्दल थोडक्यात. बर्नसन यांचा कोश लहान आहे, पण इंग्रजी आजचे आहे; रोजच्या शब्दांना तो आधी उघडावा. तुळपुळे-फेल्डहाउस ज्ञानेश्वरी किंवा महानुभाव गद्य अनुवादणाऱ्यांसाठी अपरिहार्य, इतरांना क्वचित लागेल. दात्यांचा कोश मराठी-मराठी आहे; एखाद्या विधीत नेमके काय करतात हे मोल्सवर्थवरून स्पष्ट झाले नाही तर तिथे जावे. बाबा पदमनजींनी १८६३ मध्ये मोल्सवर्थचा संक्षेप केला होता. तो हाताळायला सोपा, पण वाक्प्रचार हवे असतील तर मूळ कोशच बघावा.

हा व्यवहार दुसऱ्या दिशेनेही झालेला आहे, हे लक्षात घेतले की आपल्याला धीर येतो. इंग्रज जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचले, ते १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापले गेले. ख्रिस्ती स्वर्गासाठी त्यांनी ‘वैकुंठ’ घेतले, ग्रंथाला ‘पुराण’ म्हटले; आणि जिथे मराठी शब्दाने अर्थ बिघडला असता तिथे पोर्तुगीज शब्द ठेवला. ‘क्रूस’ आणि ‘पाद्री’ अशाच वाटांनी मराठीत आले आणि इथलेच झाले.

शेवटी ‘अंगात येणे’. ‘अंग’खाली शोधले की दिशा मिळते, आणि अभ्यासकांचा शब्द ‘पझेशन’. पण चित्रपटांमुळे ‘पझेस्ड’ म्हटले की सामान्य इंग्रजी माणसाला फक्त सैतान आठवतो. भूत लागले असेल तर ‘पझेस्ड बाय अ स्पिरिट’ म्हणावे, ते उतरवणे म्हणजे ‘एक्सॉर्साइज’. देवी अंगात येते तेव्हा मात्र कुणी ती उतरवायला धावत नाही. तिला कुंकू लावतात, प्रश्न विचारतात, पाया पडतात. तिथे ‘द गॉडेस हॅज कम इंटु हर’ असेच म्हणावे. मराठी वाक्य जसे आहे तसेच ते इंग्रजीत उभे राहते, आणि समोरचा पुढचा प्रश्न भीतीने नव्हे, आदराने विचारतो.